रस्त्यावर सडणाऱ्या गाड्या: दहा तासांचा नियम जाचक की अपुरा?

चौथामजला
काल एका धाग्यावर प्रतिसाद वाचला: "रोड टॅक्स भरलाय. गाडी बंद असो की चालू, रस्त्यावर ठेवणं माझा हक्क. नोटीस चिकटवणं ही पालिकेची दादागिरी." उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा.

मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ काढून बघा. सार्वजनिक जागी १० तास किंवा जास्त वेळ बेवारस पडलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी उचलायला लावू शकतो, वर टोइंगचा खर्च मालकाच्या माथी. जळकी किंवा अर्धवट सुटी केलेली गाडी वाहतुकीला धोका ठरत असेल तर तेवढंही थांबायला नको. टॅक्स भरला म्हणजे रस्ता गोदाम म्हणून मिळत नाही. आमच्यासमोरच्या व्हॅनच्या फुटक्या टपात पावसाळाभर पाणी साचतं. डेंग्यूचे डास घरात, मालक गायब.

ग्रीसहात
तो प्रतिसाद माझाच, नाव घ्यायला लाजता कशाला? रात्री आठला गाडी लावून सकाळी सातला काढणारा प्रत्येक जण तुमच्या हिशेबाने कचऱ्यात. माझी गाडी गिअरबॉक्ससाठी थांबलीये. जुन्या मॉडेलचे पार्ट शोरूममध्ये मिळत नाहीत, भंगारबाजार पालथे घालावे लागतात.

चौथामजला
रोज लावून काढणाऱ्याची गाडी कोण उचलतंय? तुमची कधीपासून थांबलीये ते लिहा की.

निवृत्त_कारकून
सामान्य माणसावर कायदा चालवण्याआधी पोलीस ठाण्यांची आवारं बघा! जप्त गाड्यांचे डोंगर. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय: फोटो काढा, पंचनामा करा, हमी घ्या आणि गाडी सोडा. आमच्या मेहुण्याची अपघातातली मोटारसायकल सुटली तेव्हा तिच्यातून वेल बाहेर आला होता.

चौथामजला
काका, धागा रस्त्यावरच्या गाड्यांचा आहे.

निवृत्त_कारकून
ठाण्यात जागा उरली नाही म्हणून त्याच गाड्या बाहेर रस्त्यावर लावतात. आता बसला का विषयात?

ग्रीसहात
काकांना +१. १२७ आधी पोलिसांना लावा.

सरकारीनोकर
जप्त गाडी सोडवायला मालकच न्यायालयात अर्ज करत नाहीत, कारण दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. शिव्या मात्र आम्हाला.

निवृत्त_कारकून
अर्ज केला होता! तारखाच तारखा मिळाल्या. तुम्ही खुर्चीत बसून शिकवू नका.

निशिगंधा_क
भांडून झालं असेल तर माझंही ऐका. बाबा गेले, आरसी त्यांच्या नावावर. वारसाने ३ महिन्यांत नाव बदलून घ्यायला अर्ज करायचा असतो. आम्ही तिघं भावंडं, सहीला एकही तयार नाही. गाडी रस्त्यावरच सडली. शेवटी भंगारवाल्याला देणार होते, तेवढ्यात शेजाऱ्यांनी अडवलं: नोंदणी रद्द न करता दिलीत आणि कोणी चॅसी नंबर वापरला, तर पोलीस तुमच्याच दारात. मग नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली. डिपॉझिटचं प्रमाणपत्र, म्हणजे गाडी मोडीत जमा केल्याचा दाखला मिळाला, त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. पण त्याआधी तिघांच्या सह्या लागल्याच. या भांडणात रस्त्यावरच्या लोकांचा काय दोष, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

ग्रीसहात
बरं बाबा, जिंकलात. गाडी सासऱ्यांच्या सोसायटीत हलवतो. बंद गेटच्या आत सार्वजनिक जागा नसते, तिथे १२७ लावून दाखवा.

चौथामजला
तिथे सेक्रेटरी आणि सासूबाई आहेत. शुभेच्छा.