बर्लिनच्या स्टेशनांवर फाटकं नाहीत, म्हणजे विश्वास?

वेडिंगवासी: परवा इथे एक बर्लिनवारी वाचली. चार दिवस फिरले, कुठे फाटक नाही, रांग नाही, कोणी तिकीट मागितलं नाही. शेवटी निष्कर्ष असा की नागरिकांवर विश्वास असलेल्या समाजाला फाटकं लागत नाहीत आणि आपल्याकडे हे शंभर वर्षांत होणार नाही. खाली टाळ्याच टाळ्या. माझं डोकं तिथेच फिरलं.

अहो, दादर-ठाण्याला लोकलसाठी कुठली फाटकं आहेत? पिढ्यानपिढ्या मुंबईकर पास खिशात टाकून सरळ गाडीत चढतोय आणि टीसीने धरलं तर दंड भरतोय. बर्लिनमध्येही तेच. साध्या कपड्यातले तपासनीस दारं लागेपर्यंत चारचौघांसारखे उभे असतात, मग ओळखपत्र बाहेर येतं. तिकीट नसेल तर ६० युरो. विश्वास कसला, हा धाक आहे.

आणि त्यात सापडतो कोण? नवखा. माझे आईबाबा नाशिकहून आले होते. दोघांनी फलाटावरच्या यंत्रातून दिवसाचं तिकीट काढलं, पूर्ण पैसे मोजले. शेजारच्या छोट्या पेटीत घालून शिक्का मारायचा राहिला. माणशी ६० प्रमाणे १२० युरो. बाबा तिकीट दाखवत होते, तपासनीस मान हलवत होता. आईने त्यानंतर एकटीने गाडीत बसायचं सोडलं.

मधुरा_शार्लोटेनबुर्ग: वाईट वाटलं, पण नियम विनाकारण नाही. शिक्का नसेल तर तेच तिकीट महिनाभर वापरता येईल. फोनवर तिकीट काढलं की शिक्क्याचा प्रश्नच नाही. ट्राममध्ये काढलेल्यावर तो आधीच मारलेला असतो.

फाटक नसण्याचं सुख बाबागाडी ढकलणाऱ्याला विचारा. पॅरिसच्या मेट्रोत मूल, बॅग आणि बाबागाडी घेऊन त्या फाटकांतून जाऊन बघा एकदा. इथे ऊ-बानमधून, म्हणजे भुयारी रेल्वेतून उतरा, ट्राम पकडा, पुढे बस, दोन तास एकाच तिकिटावर. ही मोकळीक मला लाखमोलाची आहे.

रूळकरी: दोन तास खरे, पण एकाच दिशेने. त्याच तिकिटावर परतलात तर बिनतिकीट. आणि तिकिटाच्या ए, बी, सी या पट्ट्यांपैकी विमानतळ सी झोनमध्ये आहे, फक्त एबीचं तिकीट काढून उतरणारे दर आठवड्याला कोणीतरी इथे रडतात.

गुडघेदुखी: बाबागाडीचा विषय निघालाच आहे तर लिफ्टचं बोला! फाटक नाही म्हणून कौतुक, आणि लिफ्ट बंद असेल तर काय करायचं? बंद लिफ्टांची यादी बघायला इथे वेगळं संकेतस्थळ आहे, यातच सगळं आलं. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या सासूबाईंना घेऊन एका स्टेशनात अडकले. दोन अनोळखी मुलांनी त्यांना हाताला धरून वर आणलं.

रूळकरी: म्हणून म्हणतो, ट्राम. गाडीचा तळच रस्त्यालगत, जिना नाही, लिफ्ट नाही. पण शहराच्या पश्चिम भागात ती मिळते कुठे? पश्चिम बर्लिनने १९६७ मध्ये शेवटची ट्राम बंद केली, बस आणि ऊ-बानवर पैसा लावला. पूर्वेने रूळ ठेवले. बर्लिनची भिंत पडून इतकी वर्षं झाली तरी ट्रामच्या नकाशावर जुनी सीमा दिसते. पश्चिमेकडच्या, ट्राम नसलेल्या शार्लोटेनबुर्गमध्ये बसून 'ट्राम पकडा' म्हणणं सोपं आहे.

मधुरा_शार्लोटेनबुर्ग: मी कामाला पूर्वेकडच्या फ्रिडरिक्सहाइनला जाते, तिथे ट्राम पकडते. आता पत्ता बघून मत ठरवणार का?

गुडघेदुखी: इतिहास राहू द्या हो. माझ्या सासूबाईंना १९६७ चा काय उपयोग?

रूळकरी: उपयोग हाच की लिफ्टवर अवलंबून राहायची वेळ त्या निर्णयामुळे आली! तेव्हा चुकलं ते आज गुडघ्यांना भोगावं लागतंय.

पेन्शनर_काका: मूळ मुद्द्यावर या. ऊ-बानच्या १९०२ पासूनच्या जुन्या मार्गावर कित्येक ठिकाणी फलाटावरून जिना चढलं की थेट रस्ता. फाटक बसवायला जागाच कुठे आहे? विश्वासही नाही आणि सापळाही नाही, जुन्या बांधणीचा परिणाम आहे. दोघेही उगाच नीतिमत्ता आणताय.

वेडिंगवासी: बांधणीचं मान्य. पण नीतिमत्ता मी आणलेली नाही, कायद्याने आणली आहे. जर्मनीत विनातिकीट प्रवास हा फौजदारी गुन्हा आहे, कलम २६५अ, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. न्यायालयाचा दंड भरता आला नाही तर माणूस तुरुंगात जातो. जाणारे बहुतेक बेघर, बेकार, व्यसनात अडकलेले. लोकांकडून देणग्या गोळा करून त्यांना सोडवावं लागतं. दरवाजा उघडा ठेवायचा आणि गरिबाला कोठडी, याला मी विश्वास म्हणणार नाही.

मधुरा_शार्लोटेनबुर्ग: तुरुंगाचं मलाही पटत नाही, ते कलम जायला हवं. तेवढं तुमचं बरोबर. पण म्हणून फाटकं बसवा असं म्हणाल तर माझा विरोध कायम.

वेडिंगवासी: फाटकं बसवा असं मी म्हटलंच नाही. शिक्का नसलेलं, पण पैसे भरलेलं तिकीट हातात असेल तर ६० ऐवजी किरकोळ शुल्क घ्या. स्वतःच्या नावाचा मासिक पास घरी विसरला तर नंतर दाखवून थोडक्यात सुटता येतंच की. इथल्या रहिवाशाला जी सवलत, ती नाशिकहून आलेल्या म्हाताऱ्यांना का नाही?

मधुरा_शार्लोटेनबुर्ग: यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गुडघेदुखी: आणि लिफ्ट?