मदत हवी आहे: सफारीला सॉफ्ट बॅगच का? (तातडीचे)

घाईतला (६ ऑगस्ट)
नमस्कार मंडळी. सफारीला चाललोय. एजंट आत्ता सांगतोय, माणशी १५ किलो, तेही सॉफ्ट बॅगेत. घरात तिन्ही ट्रॉली कडक, गेल्याच महिन्यात घेतलेल्या. नियम खरा आहे की ओळखीच्या दुकानातल्या बॅगा खपवायच्यात? लवकर सांगा, आज भरायला घ्यायचंय.

शेवग्याची_शेंग
कुठली सफारी? ताडोबा?

घाईतला
ताडोबाला कोण किलो मोजतं हो! मसाई मारा.

नैरोबीकर
केनियात नऊ वर्षं काढलीत. नैरोबीहून रस्त्याने जाणार की विमानाने? रस्त्याने पाच-सहा तास, मग बॅग कसलीही चालते. विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर एजंट खरं बोलतोय. सामानाचा कप्पा एवढासा असतो. कापडी बॅग दाबून कोंबता येते, ट्रॉली कशी कोंबणार? आणि त्या १५ किलोत हातातली पिशवीही आली.

लेन्सवाला
कॅमेरा कुठला नेताय? ४०० मिमीच्या लेन्सच्या खाली जाऊ नका. ट्रायपॉड घरीच ठेवा, गाडीत उभा राहत नाही. लेन्स टेकवायला रिकामी बीन बॅग न्या, तिथे तांदूळ भरून घ्या.

घाईतला
विमानाने. फोटो मोबाइलवरच काढणार. बॅगेचं बोला.

लेन्सवाला
मोबाइलवर सिंह म्हणजे गवतातला पिवळा ठिपका. असो, आपली मर्जी.

सुगरण_६१
बॅगेत काय भरताय ते बघा आधी. आफ्रिका म्हणजे ऊन, असं समजून मी सुती कुडते नेले. मारा दीड हजार मीटर उंचीवर आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. पहाटे गाडीचं छप्पर उघडलं आणि दांडा धरलेली बोटं बधिर झाली. शेवटी यांचा टॉवेल गळ्याभोवती गुंडाळून चित्ता बघितला. स्वेटर न्याच. निळे-काळे कपडे नकोत, चावणाऱ्या त्सेत्से माश्या त्यांवर येतात. मिलिटरी छापाचे तर अजिबात नकोत, तिथे बंदी आहे. प्लास्टिकच्या पिशव्यांवरही २०१७ पासून बंदी आहे, फराळ डब्यात भरा.

काळाघोडा
अवांतर: सफारी हा स्वाहिली शब्द, अर्थ प्रवास. मूळ अरबी, आपला 'सफर' तोच. म्हणजे 'सफारीचा प्रवास' म्हणणं म्हणजे प्रवासाचा प्रवास.

नैरोबीकर
@घाईतला, निघणार कधी? कोण कोण? ईटीए (ऑनलाइन प्रवेश परवानगी) आला का? २०२४ पासून व्हिसाऐवजी तेच लागतं. आणि यलो फीव्हरची लस?

घाईतला
मी, बायको, आई (६७). १८ तारखेला रात्री. ईटीए आलाय. लसीचं एजंट काही बोलला नाही. लागतेच का?

फिरस्ता
काही लागत नाही. मी २०२३ ला जाऊन आलो, नैरोबीत कुणी हूं का चूं केलं नाही.

नैरोबीकर
भारतातून थेट येणाऱ्याला नैरोबीत विचारतच नाहीत. विचारतात ते परत आल्यावर, मुंबईत. लसीचं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. तुम्ही सुटलात, नशीब तुमचं. दुसऱ्याला तसा सल्ला देऊ नका. आणि लस घेतल्यावर कार्ड दहा दिवसांनी लागू होतं. @घाईतला, आज ६. बोटं मोजा.

फिरस्ता
परत येईपर्यंत दहा दिवस होतातच की! ८ च्या पुढे गेलं म्हणून काय बिघडलं?

नैरोबीकर
डास परतीच्या दिवसापर्यंत थांबणार आहेत का? आणि जाताना विमान कंपनीच्या काउंटरवर कार्ड मागितलं, तर १८ च्या रात्री हा वाद तुम्ही घालायला जाणार?

शेवग्याची_शेंग
भांडू नका. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते. कुपी एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून बऱ्याच केंद्रांवर ठरावीक वार असतात. आधी फोन करा, पासपोर्ट न्या. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पण आईंना परस्पर टोचून आणू नका. साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेताना गंभीर त्रासाचा धोका जास्त असतो. अंड्याची ॲलर्जी, चालू औषधं, सगळं डॉक्टरांना सांगा. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा, निघायच्या आधीपासून सुरू कराव्या लागतात.

काळाघोडा
आणि मंडळी चार तास बॅगेवर बोलतायत.

घाईतला (७ ऑगस्ट)
काल दिवसभर फोनवर होतो. एका केंद्रावर वार नव्हता, दुसरीकडे उद्या सकाळी आठचा नंबर मिळाला. आईची औषधं बघून डॉक्टर संध्याकाळी सांगणार आहेत. ती म्हणते, मला नाही जमलं तर तुम्ही दोघं जा. बायको म्हणते, मग कुणीच नको. एजंटला विचारलं तर म्हणतो, 'मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.' मुलाची जिमची बॅग घेतलीय, ताणकाट्यावर साडेचौदा भरली, चकल्या धरून.

सुगरण_६१
चकल्या डब्यात ना?