१० बाय १४ फुटांच्या शेडसाठी धूळ ओढणारी कोणती यंत्रणा घ्यावी?

प्रश्न: सागवानी, मनीष नगर

नमस्कार. घरामागच्या मोकळ्या जागेत टिनाचे १० बाय १४ फुटांचे शेड उभारून गेली दोन वर्षे मी सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करतो आहे. शेडची एक भिंत आमच्या स्वयंपाकघराला लागून आहे. १० इंची टेबल सॉ (मेजावरची करवत), १३ इंची प्लेनर (यांत्रिक रंधा), राऊटर टेबल (खाचा व कडा कोरण्यासाठी) आणि ऑर्बिटल सँडर (घासण्यासाठी) एवढी यंत्रे आहेत. लाकूड बहुतेक वेळा नागपुरातल्या लकडगंजातून आणलेले सागवान असते, अधूनमधून प्लाय आणि एमडीएफही (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला फळा). आजवर साध्या व्हॅक्यूम क्लीनरवर निभावून नेले. मात्र प्लेनर चालवला की त्याची टाकी दहा मिनिटांत भरते, आणि सँडिंग केलेल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर बोट फिरवले तर पिवळसर भुकटी हाताला लागते. आईला दमा आहे, त्यामुळे हा प्रश्न मला आता आणखी पुढे ढकलायचा नाही.

३५ हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. कापडी बॅगचा २ एचपी डस्ट कलेक्टर घ्यावा, की आहे त्याच व्हॅक्यूमला सायक्लोन (हवा गोल फिरवून भुसा आधीच खाली पाडणारे नरसाळे) जोडावा, हे ठरत नाही. आमच्या कूलर बनवणाऱ्या कारागिराचे म्हणणे असे की कूलरचा मोठा पंखा पत्र्याच्या पेटीत बसवून तो हेच काम निम्म्याहून कमी खर्चात करून देईल. उन्हाळ्यात शेडच्या खिडकीत कूलर चालू असतो, तेव्हा त्याच्या वाऱ्याचा या सगळ्यावर काय परिणाम होईल, हेही जाणून घ्यायचे आहे.

उत्तर: जुना रंधा, प्रताप नगर

मी सहा वर्षे बॅगवाला कलेक्टर वापरला. प्लेनरच्या ढलप्या तो उत्तम ओढतो आणि जमीन स्वच्छ राहते, पण जमीन स्वच्छ दिसणे आणि हवा स्वच्छ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला फार उशिरा कळले. माझ्या यंत्राबरोबर आलेली बॅग ३० मायक्रॉनची होती, म्हणजे त्याहून बारीक कण तिच्यातून निसटत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). छातीत उतरणारी धूळ १० मायक्रॉनहून बारीक असते, म्हणजे जी धूळ सर्वांत घातक तीच माझी बॅग चाळणीसारखी गाळून खोलीभर पसरवत होती. ती तासन्‌तास हवेत तरंगत राहते आणि डोळ्यांना दिसत नाही. संध्याकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली तेव्हाच ती मला पहिल्यांदा दिसली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. नाक आणि त्याभोवतीच्या पोकळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. सागवानाची धूळ त्वचेला आणि श्वासनलिकेलाही त्रास देते, आणि एमडीएफची धूळ तर पिठासारखी बारीक असते. घरात दम्याचा रुग्ण असताना ३० मायक्रॉनची बॅग बंद शेडमध्ये लावू नका, एवढेच माझे कळकळीचे सांगणे आहे. बॅगच घ्यायची असेल तर १ मायक्रॉनची घ्या. कोणतीही यंत्रणा बसवली तरी सँडिंगच्या वेळी एन-९५ मास्क उतरवू नका.

उत्तर: मोटार आणि पंखा, हिंगणा

आधी कूलरच्या पंख्याचा विषय संपवतो, कारण तुमचे पैसे तिथे वाया जाण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. कूलरचा पंखा मोकळ्या हवेत भरपूर वारा देतो, म्हणून तो ताकदवान भासतो. पण त्याच्यापुढे पाइप, वळण किंवा गाळणीचे कापड आले की वारा पात्यांच्या कडेने मागे परततो, कारण अशा पंख्याचा दाब पाण्याच्या स्तंभात मोजला तर जेमतेम अर्ध्या इंचापर्यंत असतो. डस्ट कलेक्टरचा सेंट्रिफ्यूगल (हवा मध्यातून घेऊन कडेला फेकणारा) पंखा त्याच मापात आठ-दहा इंच दाब देतो. कारागीर हुशार असेल यात शंका नाही, पण त्याच्याकडून पेटी करून घ्यायचीच असेल तर पंख्याच्या मागे मोठ्या क्षेत्रफळाचे फिल्टर लावून खोलीतली तरंगती धूळ गाळण्यासाठी करून घ्या. यंत्राला पाइप जोडून भुसा ओढणे त्या पंख्याच्या आवाक्यातले नाही.

आता व्हॅक्यूम आणि डस्ट कलेक्टर यांची तुलना. व्हॅक्यूममध्ये दाब भरपूर आणि हवा थोडी असते, तर कलेक्टरमध्ये हवा भरपूर आणि दाब थोडा. म्हणून सँडरच्या दीड इंची तोंडातून व्हॅक्यूम छान ओढतो आणि कलेक्टर तिथे गुदमरतो. उलट टेबल सॉच्या पेटीतून आणि प्लेनरमधून जो वाऱ्याचा लोट उचलायचा असतो, तो व्हॅक्यूमच्या बळाने उचलला जात नाही. एकाच यंत्राकडून दोन्ही कामे करून घेण्याच्या हट्टापायी बहुतेकांचे पैसे दोनदा खर्च होतात. तुम्ही सँडर आणि राऊटर व्हॅक्यूमवरच ठेवा. त्याला बादलीवर बसणारा लहान सायक्लोन आणि आत हेपा फिल्टर (अतिशय बारीक कण अडवणारी गाळणी) जोडा. टेबल सॉ आणि प्लेनर यांच्यासाठी कलेक्टर घ्या.

कलेक्टर निवडताना खोक्यावर छापलेल्या सीएफएमच्या (मिनिटाला किती घनफूट हवा) आकड्यावर विसंबू नका, तो आकडा बहुधा पाइप आणि बॅग न लावता मोजलेला असतो. पाइपात भुसा खाली न बसता वाहत राहावा यासाठी हवेचा वेग मिनिटाला साधारण ४,००० फूट लागतो, आणि त्या वेगाला ४ इंची पाइपातून मिनिटाला सुमारे ३५० घनफूट हवा जाते. अमेरिकेतली परीक्षणे वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिकडे वीज ६० हर्ट्झची असते आणि पंखा मिनिटाला ३,४५० फेरे घेतो. आपल्याकडे ५० हर्ट्झवर तो २,८५० च्या आसपास फिरतो. पंखा तोच असेल तर हवा सहाव्या भागाने आणि दाब जवळजवळ तिसऱ्या भागाने घटतो. म्हणून १ एचपीच्या मोहात न पडता २ एचपीच घ्या. पाइप नळकामाच्या दुकानात मिळणारा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी चालतो, आतून तो साधारण ४ इंच भरतो. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन तुकडे जोडा, फाटा फोडताना वाय (इंग्रजी Y आकाराचा जोड) वापरा आणि लवचीक होज शेवटच्या दोन-तीन फुटांपुरताच ठेवा.

तुमच्या कूलरला मी अडचण समजत नाही, उलट तो तुमच्या फायद्याचा आहे. एसीच्या खोलीतली हवा बाहेर फेकली तर गारवा जातो, म्हणून एसी वापरणाऱ्यांना महागड्या फिल्टरमधून हवा पुन्हा आत घ्यावी लागते. कूलरचे तसे नाही. तो बाहेरचीच हवा आत ढकलतो आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर खोली दमट होते, हे आपल्याकडे प्रत्येक घरात ठाऊक आहे. तुमच्या शेडची उंची १० फूट धरली तर आत १,४०० घनफूट हवा आहे, आणि मिनिटाला ३५० घनफूट बाहेर गेली तर चार मिनिटांत तेवढी हवा बदलते. म्हणून पंख्याच्या आधी हवाबंद पिंपावर सायक्लोन बसवा, बॅग काढून टाका आणि उरलेली हवा पाइपाने छताच्या वर सोडा. पिंपाच्या झाकणात बारीकशी फट राहिली तरी सायक्लोन भुसा पुढे जाऊ देतो, तेव्हा तिथे रबराची पट्टी नीट लावा. बाहेरचे तोंड शेजाऱ्यांच्या कपड्यांच्या दोरीकडे नसावे, आणि पावसाचे पाणी शिरू नये म्हणून ते खाली वळवलेले असावे. कूलरचा झोत सरळ करवतीवर मात्र घेऊ नका, नाहीतर धूळ ओढली जाण्याआधीच उडून जाईल.

एक धोका आवर्जून सांगतो. कूलर बंद असताना खिडकी उघडी ठेवल्याशिवाय ही यंत्रणा चालवू नका. शेडला लागून बाथरूम असेल आणि तिथे गॅस गिझर असेल, तर बाहेर फेकलेल्या हवेची भरपाई गिझरच्या धुरातून होऊ शकते, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो.

प्रश्नकर्ता: सागवानी

दोघांचाही आभारी आहे. गिझरचा मुद्दा माझ्या मनातही आला नव्हता. आमचा गॅस गिझर शेडच्या मागच्याच बाथरूममध्ये आहे आणि मध्ये एक जुनी झरोक्याची खिडकी आहे. ती आधी विटांनी बुजवतो, स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या फटीही भरून घेतो, आणि मग २ एचपीचा कलेक्टर सायक्लोनसह बाहेर हवा सोडणारा असा बसवतो. कूलरवाल्या कारागिराकडून फिल्टरची पेटी करून घेईन. शेडमध्ये सध्या १६ अँपिअरचा एकच पॉइंट आहे. टेबल सॉ १,८०० वॅटची आहे. दोन्ही एकाच पॉइंटवर चालतील का?

उत्तर: मोटार आणि पंखा, हिंगणा

चालणार नाहीत. २ एचपीची मोटार चालू स्थितीत नऊ-दहा अँपिअर घेते आणि टेबल सॉ आठेक, म्हणजे बेरीज १६ च्या वर जाते. सुरू होतानाचा झटका तर त्याहून कितीतरी मोठा असतो. मुख्य बोर्डापासून कलेक्टरसाठी वेगळी लाइन ओढून घ्या, तिच्यावर सी प्रकारचा (मोटारीचा हा झटका सोसणारा) एमसीबी बसवा आणि अर्थिंग तपासून घ्या. आधी कलेक्टर सुरू करून तो पूर्ण वेगाला आला की मग करवत लावायची, आणि करवत थांबल्यावरही त्याला मिनिटभर चालू ठेवायचे, म्हणजे पाइपातला उरलेला भुसा पिंपात जाऊन पडतो.