प्रतिसाद: ओपन ऑफरचं पत्र आलंय, शेअर द्यायचे का?

तुम्ही विचारलंत की ओपन ऑफरचं पत्र आलंय, शेअर द्यावेच लागतात का, तर अजिबात नाही, सक्ती नसते. कुणी कंपनीत २५ टक्के किंवा जास्त हिस्सा घेतला की सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमाने त्याला बाकीच्यांकडून आणखी किमान २६ टक्के घ्यायची ऑफर द्यावी लागते, आपल्यासारख्या छोट्यांना बाहेर पडायची वाट मिळावी म्हणून.

पण आधी बाजारभाव बघा हो! एनडीटीव्हीचंच घ्या, २०२२ मधे अदानींची ऑफर होती २९४ रुपयांची आणि बाजारात भाव त्याच्या बराच वर, तरी ५३ लाखांच्या आसपास शेअर लोकांनी ऑफरमधे दिले, मला तेव्हाही कळलं नव्हतं का ते. मग डिसेंबरअखेर अदानींनी एनडीटीव्हीचे संस्थापक रॉय दांपत्य यांचे शेअर ३४२.६५ ने घेतले, आणि ऑफरमधे दिलेल्यांनाही वरचे ४८.६५ द्यायचं जाहीर झालं. ते चांगलंच झालं, पण दरवेळी असं होईल या भरवशावर राहू नका.

अजून एक, ऑफरपेक्षा जास्त शेअर लोकांनी दिले तर प्रत्येकाकडून प्रमाणात घेतात, उरलेले आपल्या डिमॅटमधेच (शेअर ठेवायचं खातं) मोकळे होतात. शेवटची तारीख ब्रोकरला आजच विचारून घ्या.