मदत हवी आहे: बाळाचा पासपोर्ट, २६ एप्रिलच्या आत

कृष्णाकाठ (२ एप्रिल)
तातडीने मदत हवी आहे. ९ मार्चला आम्हाला मुलगा झाला. आमचे दोघांचेही पासपोर्ट भारतीय आहेत. माझी आजी साताऱ्याला आहे, वय ८६, तब्येत खूपच खालावली आहे. फोनवर एकच विचारते, पणतू कधी आणतोस. २६ एप्रिलची तिकिटं काढून बसलोय. भारतीय पासपोर्टचा फॉर्म भरायला घेतला तर म्हणे आधी वकिलातीत जन्मनोंदणी करा. त्याला किती दिवस लागतील ते कुणीच सांगत नाही. काही तात्पुरता कागद मिळतो का? परत येताना बाळाला व्हिसा लागेल का? नुकतंच हे केलेल्यांनी कृपया लवकर सांगा.

एडिसनवासी
अभिनंदन! काळजी करू नका. जन्म इथला म्हणजे बाळ जन्मतःच नागरिक, तुमचा व्हिसा कोणता हे बघतही नाहीत. फॉर्म डीएस-११ भरा, दोघांनी बाळाला घेऊन जा. १६ वर्षांखालच्या मुलासाठी दोन्ही पालक लागतात, एक येऊ शकत नसेल तर त्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र. पासपोर्ट ५ वर्षांचा मिळतो. मग भारतात जायला ई-व्हिसा, आणि सावकाश ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड. आम्ही दोन्ही मुलांचं असंच केलं.

मी_माई
एडिसनवासी, ते अमेरिकेत आहेत असं त्यांनी कुठे लिहिलंय? कृष्णाकाठ, देश कोणता?

कृष्णाकाठ
सॉरी, यूके. मँचेस्टर. लिहायचं राहून गेलं.

मी_माई
मग वरचं सगळं बाजूला ठेवा. यूकेत १ जानेवारी १९८३ पासून नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. जन्माच्या वेळी आई किंवा वडील, दोघांपैकी एक तरी ब्रिटिश नागरिक किंवा इथे कायम राहण्याची परवानगी असलेला, म्हणजे आयएलआरवाला लागतो. तुमचा व्हिसा कोणता?

कृष्णाकाठ
डिपेंडंट, म्हणजे बायकोच्या व्हिसावर अवलंबून, २०२८ पर्यंत. म्हणूनच विचारतोय, बाळालाही डिपेंडंट व्हिसाच लागेल ना? तो इथून करायचा की भारतातून?

हॅरोचा_मराठा
आमची मुलगी इथेच झाली, तेव्हा आम्ही दोघंही व्हिसावर होतो, त्यामुळे अनुभवाने सांगतो. बाळ यूकेत आहे तोवर व्हिसा नसला तरी चालतं. पण एकदा बाहेर गेलं की व्हिसा असल्याशिवाय परत येता येत नाही. म्हणून आधी हाय कमिशनकडे जन्मनोंदणी, मग भारतीय पासपोर्ट, मग डिपेंडंट व्हिसा. शिवाय व्हिसासोबत भरायचा मुलांचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. २६ एप्रिल विसरा, तिकीट पुढे ढकला. घाईत निघालात तर एकजण बाळाला घेऊन साताऱ्यात अडकून पडेल.

कृष्णाकाठ
तिकीट पुढे ढकलणं शक्य नाही हो. आजीकडे तेवढा वेळ नाही.

मांडवी
तुमच्यापैकी कोणाचे आजी-आजोबा गोव्यात जन्मले आहेत का? १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा जन्म असेल तर पोर्तुगालमध्ये नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो. आमच्या घरात चौघांनी केलाय.

कृष्णाकाठ
नाही, दोन्हीकडचे साताऱ्याचे.

हॅरोचा_मराठा
मांडवी, आणि ब्रेक्झिटनंतर त्या पासपोर्टवर इथे नव्याने राहायला येता येत नाही. ३१ डिसेंबर २०२० च्या आधी येऊन राहिलेल्यांची गोष्ट वेगळी.

मांडवी
मान्य, पण बाकी युरोप उघडा राहतो. मुलाच्या पुढच्या ३० वर्षांचा विचार करावा माणसाने.

मी_माई
ते राहू दे आत्ता. कृष्णाकाठ, तुम्ही डिपेंडंट आहात म्हणजे मुख्य व्हिसा बायकोचा. तो कोणता?

कृष्णाकाठ
तिचा स्किल्ड वर्कर होता. ती माझ्या आधी तीन वर्षं इथे आली. आता तिला आयएलआर मिळालाय, पण माझी ५ वर्षं व्हायची आहेत.

मी_माई
अहो, हे पहिल्या ओळीत सांगायला हवं होतं! तिला मंजुरी कोणत्या तारखेला मिळाली? अर्ज केला ती नव्हे, मंजूर झाल्याची तारीख. पत्र काढून बघा.

कृष्णाकाठ
पत्र समोर आहे. २७ फेब्रुवारी. जास्तीचे पैसे भरून लवकर करून घेतलं होतं, बाळंतपणाच्या आधी ती कटकट संपावी म्हणून.

मी_माई
तर मग तुमचं बाळ जन्मापासून ब्रिटिश नागरिक आहे. वेगळा अर्ज नाही, नोंदणी नाही. वडील डिपेंडंट असल्याने काही बिघडत नाही, दोघांपैकी एक पुरतो. डिपेंडंट व्हिसा त्याला मिळणारच नाही, कारण ब्रिटिश नागरिकाला तो देत नाहीत. सरळ ब्रिटिश पासपोर्ट काढा. मंजुरी ९ मार्चनंतरची असती तर एमएन-१ फॉर्म भरून, मोठी फी देऊन नोंदणी करावी लागली असती. दहाच दिवसांचा फरक आहे, ते पत्र जपून ठेवा.

कृष्णाकाठ
खरंच? मी आठवडाभर भारतीय फॉर्म भरत बसलो होतो. बायकोला आत्ता वाचून दाखवलं, ती रडायलाच लागली.

हॅरोचा_मराठा
माईंचं बरोबर आहे, मला आयएलआरचं माहीत नव्हतं. तरी माझं मत असं की आधी भारतीय नोंदणी करावी. नागरिकत्व कायदा, १९५५ मधलं कलम ४ म्हणतं की परदेशात जन्मलेल्या मुलाची वर्षाच्या आत नोंद करायची आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा *पासपोर्ट* नाही असं पालकांनी लिहून द्यायचं. शब्द पासपोर्ट आहे, नागरिकत्व नाही. सज्ञान झाल्यावर ६ महिन्यांत मुलगा स्वतः ठरवेल. ४(१अ) वाचा. आपण जन्मतःच त्याचं भारतीयत्व का घालवायचं?

मी_माई
तुमची भावना कळते मला. माझ्या मुलांच्या वेळी मीही हाच विचार केला होता. पण भारतीय पासपोर्टवर गेलेलं ब्रिटिश मूल परत येताना काय दाखवणार? व्हिसा मिळत नाही. मग त्या पासपोर्टसाठी सर्टिफिकेट ऑफ एंटायटलमेंट, म्हणजे यूकेत राहण्याच्या हक्काचा दाखला काढायचा, त्याची फी बाळाच्या ब्रिटिश पासपोर्टच्या कितीतरी पट. आणि दोन देशांचे पासपोर्ट एकाच वेळी बाळगणं भारताला चालत नाही. १८ वर्षं मुलाला कोणत्या कागदावर फिरवणार आहात?

हॅरोचा_मराठा
ओसीआयवर मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. ते कायमचं नुकसान आहे.

वाईकर_काका
शेतजमिनीचा विषय निघालाय म्हणून. ओसीआयवाल्याला शेती *विकत* घेता येत नाही, पण वारसाने मिळू शकते. माझ्या कॅनडातल्या नातवाचं नाव यंदा सातबाऱ्यावर लागलं, वारस फेरफार नोंदवून. आणि पोरा, पणजीसाठी सोन्याची फुलं करायला सांग घरी. पणतवंडाचं तोंड बघितलं की उधळतात. आजकाल लोक विसरतात.

कृष्णाकाठ
काका, सांगतो घरी. माई, आता नेमकं काय करू? उद्या सकाळी कुठे जाऊ?

मी_माई
ऑनलाइन अर्जाला साधारण ३ आठवडे, तुमच्यासाठी ते फार काठावर आहे. एक आठवड्याचा फास्ट ट्रॅक घ्या, बाळाच्या पहिल्या पासपोर्टला तो चालतो. मोठ्यांच्या पहिल्याला चालत नाही. वेळ ऑनलाइन घ्यायची, तुम्हाला जवळ लिव्हरपूलचं ऑफिस. फॉर्म कागदी लागतो, पोस्टातून आणा. सोबत बाळाचा जन्मदाखला, आईवडिलांची नावं असलेला पूर्ण, छोटा नको. बायकोचा पासपोर्ट आणि आयएलआरचा पुरावा. फोटो घरी काढणार असाल तर बाळाला पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून काढा. वर्षाच्या आतल्या बाळाचे डोळे मिटलेले चालतात, पण तुमचा हात दिसता कामा नये.

कृष्णाकाठ
जन्मदाखला अजून काढला नाही. बारसं आजीच्या मांडीवर करायचं ठरवलंय, म्हणून नाव ठेवलेलं नाही.

मी_माई
इंग्लंडमध्ये ४२ दिवसांत जन्म नोंदवावाच लागतो, म्हणजे तुम्हाला २० एप्रिलपर्यंत मुदत. तोवर थांबलात तर पासपोर्ट राहिला. आजच रजिस्ट्रारची वेळ घ्या. नाव आजीला फोनवर विचारा, तीच ठेवेल. कानात सांगायचं ते तिकडे गेल्यावर सांगू दे.

लेस्टरची_लेक
माझा दीड आठवडा सहीवाल्या माणसात गेला, म्हणून सांगते. फॉर्मवर आणि फोटोच्या मागे ओळखीच्या माणसाची सही लागते. तुम्हाला किमान २ वर्षं ओळखणारा, नात्यातला नाही, एका घरात राहणारा नाही, आणि त्याच्याकडे ब्रिटिश किंवा आयरिश पासपोर्ट हवा. शिक्षक, अकाउंटंट, नर्स असे चालतात, निवृत्त असले तरी. जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या मागे लागू नका, मैत्री असल्याशिवाय त्यांची सही धरत नाहीत. आमचे सगळे मराठी मित्र भारतीय पासपोर्टवाले, शेवटी समोरच्या बाईंनी केली.

एडिसनवासी
ई-व्हिसाला निदान ४ दिवस हातात ठेवा. आणि पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन असलेल्याच साइटवर जा, हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट्स दुप्पट पैसे घेतात.

कृष्णाकाठ (२१ एप्रिल)
पासपोर्ट १८ तारखेला घरी आला, ई-व्हिसा आज सकाळी. सही शेजारच्या निवृत्त शिक्षिकेने केली, फोटो तिसऱ्या प्रयत्नात जमला. नाव आजीने फोनवर ठेवलं, तिच्या वडिलांचं. आजी अजून जेवते थोडं थोडं. ओसीआय परत आल्यावर करू. माई, त्याच्यासाठी आमचा लग्नाचा दाखला लागतो का? आमचा मराठीत आहे, भाषांतर इथून करू की साताऱ्याहून करून आणू?