मदत हवी आहे : ऊसतोड टोळी निघण्याआधी नवरा-बायको दोघांचा सिफिलिसचा उपचार कसा पुरा करावा?

नमस्कार. मी बीड जिल्ह्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, चार खुणांवरून इथे माणूस ओळखू येतो.

एक ताई गरोदर आहेत, पाचवा महिना. एचआयव्ही-सिफिलिसच्या एकत्रित किटवर सिफिलिसची (लैंगिक संबंधातून पसरणारा आजार) रेघ उमटली. ग्रामीण रुग्णालयात आरपीआर (सिफिलिसची रक्तचाचणी; दुसरा आकडा मोठा तितका आजार जास्त सक्रिय) केली, 1:16 आली. अंगावर काही नाही, कधी जखम झाल्याचं आठवत नाही. (सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरते, आठवणार कशी?) लागण कधीची ते कळत नसल्याने डॉक्टरांनी बेंझाथिन पेनिसिलिन 24 लाख युनिट, आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं लिहून दिली. पहिलं झालं. त्या रात्री ताप भरला, अंग ठणकलं. सासूबाई म्हणतात, इंजेक्शन बाधलं, आता नको.

नवरा तपासायला तयार नाही. "मला काय झालंय?" एवढंच बोलतो. दसरा झाला की टोळी निघणार. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर घेतलेली. ताई मागे राहिल्या तर ते पैसे घरावर बसतात. एकदा साखर कारखान्याच्या तळावर गेले की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, भेट नाही.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. आपल्याकडे तपासणी होते ती गरोदर बाईची. त्यामुळे आजार आधी तिच्याच नावावर निघतो आणि बोलही तिलाच लागतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायका तपासल्या होत्या. 1989 साली ते छापून आलं. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि त्याआधी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. तेव्हापासून बाईची तपासणी वाढली. पुरुष अजून मोकळाच आहे, आणि सहा-सहा महिने घराबाहेर राहणाऱ्या गावांत हे परवडणारं नाही.

तापाचं घरच्यांना काय सांगू? डोस चुकला तर गोळ्या चालतील का? आणि बाईची अब्रू न जाता नवऱ्याला कसं आणू?

प्रतिसाद (वैद्यकीय अधिकारी)

ताप ही ॲलर्जी नव्हे. औषधाने जंतू मरू लागले की असा ताप येतो, बहुधा 24 तासांत उतरतो. पॅरासिटामॉल पुरे. मात्र पोट कडक होऊ लागलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच रुग्णालय गाठा. सासूबाईंना हे समोर बसवून सांगा.

गोळ्यांवर जाऊ नका. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात देत नाहीत, अझिथ्रोमायसिनचा बाळासाठी भरवसा नाही. पेनिसिलिनच हवं. खंड पडला तर तिन्ही डोस पहिल्यापासून द्यावे लागतात, म्हणून उरलेली दोन निघण्याआधीच उरका. बाळंतपणाच्या किमान 30 दिवस आधी उपचार व्हायला हवा. तुमच्या हातात वेळ आहे.

नवऱ्याची तपासणी नकारात्मक आली तरी संपर्कातला म्हणून त्याला इंजेक्शन द्यायला सांगा, नाहीतर ताईंना पुन्हा लागण होईल. दोघांचा उपचार होईपर्यंत संबंध नकोत, निदान निरोध तरी. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांचा सरकारी दवाखाना) औषध आणि समुपदेशन मोफत आहे.

किटची रेघ बरं झाल्यावरही बहुधा आयुष्यभर येत राहते. तळाजवळचा डॉक्टर ती पाहून गोंधळेल. म्हणून माता-बाल कार्डावर डोसांच्या तारखा आणि आरपीआरचा आकडा लिहा. 1:16 चा 1:4 झाला की उपचार लागू पडला. जन्मल्यावर बाळाचीही आरपीआर करा.

प्रतिसाद (गटप्रवर्तक, आशाताईंच्या कामावर देखरेख करणारी)

दादा, त्याला एकट्याला बोलावूच नका. टोळी निघायच्या आधी सगळ्यांचं शिबिर घ्या. बीपी, साखर, हिमोग्लोबिन आणि त्यातच ही तपासणी, संमती घेऊन. मुकादमाला (टोळीच्या प्रमुखाला) पहिल्या खुर्चीवर बसवा, बाकीचे आपसूक येतात. रिपोर्ट मात्र एकेकाला आत बोलावून सांगायचा. आमच्याकडे बायांना आशाताई आणि गड्यांना पुरुष आरोग्यसेवक सांगतात, त्याने फार फरक पडतो.

मूळ धागाकर्ता

सर, ताई, मनापासून आभार. सासूबाईंशी आज संध्याकाळीच बोलतो. शिबिरासाठी मुकादमाकडे निरोप धाडला आहे. आरपीआरसाठी रक्ताचे नमुने गावातूनच गोळा करून ग्रामीण रुग्णालयात पाठवायची सोय कोणी केली असेल तर कशी केली, ते कृपया लिहा.