मदत हवी आहे : केसिंगमध्ये चालणारी एसएसडी लॅपटॉपच्या आत दिसत नाही

नमस्कार. माझ्याकडे २०१६ साली घेतलेला पंधरा इंची लॅपटॉप आहे. त्यातली १ टीबीची मूळ हार्ड डिस्क काढून २०२१ मध्ये ४८० जीबीची अडीच इंची साटा (डिस्क मदरबोर्डला जोडण्याची एक पद्धत) एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, बसवून घेतली होती आणि गेल्या महिन्यापर्यंत काहीही अडचण नव्हती. एके दिवशी काम चालू असताना स्क्रीन गोठली. बटण दाबून बंद केला आणि पुन्हा सुरू केला, तर काळ्या स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढीच ओळ आली. पुढचा आठवडाभर तो कधी सुरू होई, कधी होत नसे. आता अजिबातच होत नाही.

दुरुस्तीवाल्याने विंडोज खराब झाल्याचे सांगून ती नव्याने टाकण्याचा सल्ला दिला. तो मला पटला नाही. एफ२ दाबून बायोस (विंडोजच्या आधी चालणारी यंत्राची मूळ प्रणाली) उघडल्यावर जिथे एसएसडीचे नाव दिसायचे, तिथली जागाच रिकामी आहे. बायोस मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते, त्यामुळे विंडोज कितीही बिघडली तरी डिस्कचे नाव तिला वाचता यायला हवे. आणि जी डिस्क बायोसलाच दिसत नाही, तिच्यावर नवी विंडोज टाकणार तरी कशी?

मग लॅपटॉप उघडला, आधी बॅटरीची जोडणी काढली आणि एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये घालून भावाच्या लॅपटॉपला जोडली. ती लगेच दिसली! वाचनालयाच्या सगळ्या नोंदी त्याच बैठकीत उतरवून घेतल्या, त्यामुळे माहिती जाण्याची भीती आता नाही. डिस्कची प्रकृती तपासणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ती ९४ टक्के दाखवते. फक्त सी७ या ओळीत शेवटच्या रकान्यात ७३७ असा आकडा आहे, त्याचा अर्थ मला लागलेला नाही.

उलट प्रयोगही केला. जुनी हार्ड डिस्क लॅपटॉपमध्ये बसवली. यंत्र सुरू केल्यावर तिची घरघर ऐकू येते आणि बोट टेकवले तर थरथरही जाणवते, पण बायोसमध्ये तिचेही नाव नाही. या लॅपटॉपमध्ये डिस्क थेट मदरबोर्डवर बसत नाही; मधे वीतभर लांबीची चपटी, कागदासारखी पातळ केबल आहे. तिची दोन्ही टोके काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, कारण इकडे कोकणात पावसाळ्यात कशावर ओल धरेल याचा नेम नसतो, पण फरक पडला नाही. आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती कितपत महत्त्वाची आहे ते ठाऊक नाही : एसएसडी तिच्या रबरी चौकटीत किंचित हलते.

दोष केबलचा की मदरबोर्डचा, हे नवा भाग विकत घेण्यापूर्वी कसे ओळखावे? केबलच बदलायची झाल्यास ती लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागवावी का? आणि बायोसमध्ये साटाच्या पर्यायासमोर, म्हणजे डिस्क चालवण्याच्या पद्धतीसमोर, ‘रेड’ आहे, तो ‘एएचसीआय’ करून पाहावा का?

प्रतिसाद :

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे नुकसान होऊ शकते. तो पर्याय बदलू नका. विंडोज ज्या पद्धतीत टाकलेली असते ती अचानक बदलली, तर पुढच्या वेळी निळी स्क्रीन येते आणि एका बिघाडाचे दोन होतात.

तुम्ही सहज लिहून गेलात तो सी७ चा आकडा या सगळ्यात सर्वांत मोलाचा आहे. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर माहिती किती वेळा बिघडून पोहोचली, याची ती मोजणी आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे आकडे दहाऐवजी सोळा पायाच्या (हेक्साडेसिमल) मोजणीत दाखवते, म्हणून ७३७ म्हणजे आपल्या नेहमीच्या मोजणीत १,८४७. चांगल्या जोडणीत तिथे शून्य किंवा अगदी मोजके आकडे असतात.

हार्ड डिस्कच्या घरघरीनेही बरेच सांगितले आहे. साटा जोडणीत एकूण २२ पट्ट्या असतात, त्यांतल्या १५ विजेच्या आणि ७ माहितीच्या. डिस्क फिरते म्हणजे वीज पोहोचते, आणि नाव दिसत नाही म्हणजे त्या सातांत कुठेतरी खंड आहे. एसएसडी मुकी असते, तिच्यावरून हे कळले नसते.

तुमच्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल, तर तिच्या जागी बसणारी कॅडी घ्या आणि एसएसडी तिच्यात घालून लावा. ती जागाही साटाचीच असते, पण वाट वेगळी. तिथे एसएसडी दिसली तर मदरबोर्डचा साटा नियंत्रक ठीक आहे असे समजावे. मग संशय केबलवर किंवा तिच्या सॉकेटवर उरतो, आणि त्यांत केबल स्वस्त, म्हणून आधी ती. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडींत मिळते, तेव्हा ड्राइव्ह मोजून मगच मागवा. केबल मात्र मॉडेलवरून मागवू नका. तिच्यावर छापलेला भाग क्रमांक जुळवा, कारण एकाच मॉडेलच्या दोन यंत्रांत वेगळ्या केबल निघाल्याचे मी पाहिले आहे.

आणि एसएसडी हलते हे महत्त्वाचे आहे. तुमची जुनी हार्ड डिस्क ९.५ मिलिमीटर जाड असावी, एसएसडी ७ ची असते. तो अडीच मिलिमीटरचा फरक कशाने भरला होता?

धागाकर्ता :

उत्तराला उशीर झाला, कारण केबल यायला नऊ दिवस लागले. डीव्हीडी ड्राइव्ह ९.५ ची निघाली. कॅडीत घातल्याबरोबर एसएसडीचे नाव बायोसमध्ये दिसले आणि विंडोज काहीही न टाकता सुरू झाली. जुनी केबल उजेडात धरली, तर डिस्कच्या टोकाजवळच्या घडीवर वरचा थर पांढुरका पडून सुरकुतलेला होता. नवी बसवून एसएसडी मूळ जागी नेली, त्याला आज पंधरा दिवस झाले. सी७ चा आकडा ७३७ वरच आहे. तो कमी होत नसतो हे आता कळले, पण वाढलेलाही नाही.

फरक कशाने भरला होता याचे उत्तर एसएसडीच्या खोक्यात सापडले. अडीच मिलिमीटरची काळी प्लॅस्टिकची चौकट, वेष्टनही न फोडलेली. पाच वर्षांपूर्वी बसवणाऱ्याने ती खोक्यात तशीच ठेवून दिली होती आणि लॅपटॉप उचलला, पिशवीत घातला, की एसएसडी दर वेळी थोडी हलून केबलची तीच घडी दुमडत होती. चौकट आता आत बसवली आहे.